‘मी मुलाला सांभाळू शकत नाही’ असं बहिणीने जेलमधून लिहून दिलंय, आता काय?

पत्र असं आहे (थोडं छोटं केलंय, ओळख पटेल असं सगळं काढलंय):

“ताई, माझी धाकटी बहीण आणि मेव्हणे दोघेही पाच महिन्यांपासून आत आहेत. फसवणुकीची केस आहे, जामीन अजून नाही. चार वर्षांची भाची बहिणीसोबत जेलमध्येच आहे. नऊ वर्षांचा भाचा शेजाऱ्यांकडे राहत होता, कुणीतरी १०९८ ला (मुलांच्या हेल्पलाईनला) फोन केला आणि त्याला बाल कल्याण समितीपुढे नेलं, तिथून बालगृहात. तीन आठवडे झाले. एक मॅडम आमच्या घरी चौकशीला येऊन गेल्या. आमची एकच खोली, मिस्टर घाबरले आणि बोलून गेले की आमचा त्यांच्याशी काही संबंध नाही. आता कळतंय की बहिणीने आत कुणाच्या तरी सांगण्यावरून ‘मी मुलाला सांभाळू शकत नाही’ असं लिहून दिलंय. मुलाला दत्तक देऊन टाकतील का? मेव्हण्यांची आई पण ताबा मागतेय. बहीण म्हणते समितीवाल्यांशी कुणीच काही बोलू नका. भाच्याला आम्ही सांगितलंय की आई परगावी कामाला गेलीय. मी त्याला घरी आणायला तयार आहे. काय करू?
– एक मावशी”

मावशी, आधी एक श्वास घ्या, कारण ज्या गोष्टीचं तुम्हाला सगळ्यात जास्त टेन्शन आलंय ती एवढ्या सहज होत नाही. त्या एका कागदावर मूल दत्तक जात नाही. कायद्यात मूल ‘समर्पित’ करणं म्हणतात ना, त्याची वेगळी पद्धत आहे, आईवडिलांना समितीपुढे यावं लागतं, त्यांचं समुपदेशन होतं, समितीसमोर रीतसर समर्पणपत्र होतं आणि त्यानंतरही विचार बदलायला दोन महिने मिळतात. बाल न्याय कायदा २०१५ मध्ये हे स्पष्ट लिहिलंय. जेलमध्ये कुणीतरी कोरा कागद पुढे केला आणि बहिणीने रडत रडत दोन ओळी खरडल्या, त्याला समर्पण म्हणत नाहीत. आणि आईबाप तुरुंगात आहेत म्हणजे त्यांनी मूल टाकून दिलं असंही होत नाही.

पण म्हणून तो कागद तसाच फाईलमध्ये राहू द्यायचा का, तर अजिबात नाही. कारण समितीपुढे आत्ता काय आहे बघा. एक, आई लिहून देते की सांभाळू शकत नाही. दोन, मावशीच्या घरचे म्हणतात संबंध नाही. तीन, वडिलांकडून काहीच नाही. समितीतली माणसं तुमच्या बहिणीला ओळखत नाहीत, त्यांना फाईल दिसते, आणि फाईल म्हणतेय की या मुलाला कुणी नको म्हणतंय. तुमची सगळी लढाई आत्ता या फाईलशी आहे, समितीशी नाही, हे मनात पक्कं करा.

मी काही वर्षं विधी सेवेच्या, म्हणजे फुकट कायदेशीर मदत देणाऱ्या वकिलांच्या, पॅनेलवर काम केलं, त्यात एक केस अजून डोक्यातून जात नाही. मुलाच्या कागदांवर ‘आईचा ठावठिकाणा नाही’ असं लिहिलेलं, आणि आई त्याच शहरातल्या जेलमध्ये, जिथून बालगृह रिक्षाने वीस मिनिटांवर. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं एवढंच. आणि आई गप्प बसलेली, कारण तिला वाटत होतं बोललं तर मूल जाईल. तुमची बहीण पण नेमकं हेच करतेय. तिचं “कुणीच बोलू नका” हे क्रिमिनल केसमध्ये ठीक असेल, तिथे वकील सांगेल तसं वागायचं, पण मुलाच्या चौकशीत गप्प बसणं म्हणजे दुसरा जे लिहील ते मान्य करणं.

चौकशीचं कसं असतं ते थोडक्यात सांगते, म्हणजे भीती कमी होईल. बाल कल्याण समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात आणि समितीला मॅजिस्ट्रेटचे अधिकार असतात. पण हे क्रिमिनल कोर्ट नाही, तुमच्या बहिणीने गुन्हा केला की नाही हे ते ठरवत नाहीत. त्यांना एवढंच बघायचंय की या मुलाची काळजी आत्ता कोण घेणार आणि पुढे कोण घेणार. त्यासाठी सामाजिक तपासणी अहवाल मागवतात, तो पंधरा दिवसांत यायला हवा, आणि मूल पहिल्यांदा समितीपुढे आल्यापासून चार महिन्यांत शेवटची ऑर्डर व्हायला हवी. घरी आलेल्या मॅडम त्या अहवालासाठीच आल्या होत्या. म्हणजे तुमचे तीन आठवडे गेलेत, सव्वातीन महिने उरलेत, आणि जेलमधून एक साधा अर्ज बाहेर यायलाच किती दिवस लागतात हे तुम्हाला आता माहितीच आहे, त्यामुळे आज लागा.

पहिलं काम, बहिणीचं नवीन पत्र. समितीच्या अध्यक्षांच्या नावाने, साध्या मराठीत, तिच्या हाताने लिहिलेलं. त्यात आधीच्या कागदाचा उल्लेख हवाच, लपवायचा नाही. म्हणजे असं, की अमुक तारखेला मी जे लिहून दिलं ते घाबरून आणि नीट न समजता दिलं, माझा अर्थ एवढाच होता की मी आत आहे तोपर्यंत मी स्वतः त्याला सांभाळू शकत नाही, मी मुलाला सोडलेलं नाही, दत्तक द्यायला माझी संमती नाही. मग पुढे, तोपर्यंत तो माझ्या मोठ्या बहिणीकडे राहावा अशी माझी इच्छा आहे, कारण तो तिला लहानपणापासून ओळखतो. मग मुलाबद्दल लिहायचं, भरपूर लिहायचं. कुठल्या शाळेत आहे, कितवीत आहे, कशाची अ‍ॅलर्जी आहे, रात्री दिवा लावून झोपतो का, कोणत्या गोष्टीला घाबरतो. हे भावनिक वाटेल पण ही माहिती आईशिवाय कुणाकडेच नसते आणि अहवाल वाचणाऱ्याला एका क्षणात कळतं की या बाईचं लक्ष मुलावर होतं. शेवटी मागण्या: सुनावणीला मला व्हिडिओ कॉन्फरन्सवरून तरी हजर राहू द्या, माझं म्हणणं ऐकल्याशिवाय शेवटची ऑर्डर करू नका, प्रत्येक ऑर्डरची कॉपी मला जेलमध्ये पाठवा, आणि मुलाला भेटू द्या.

केसबद्दल एक अक्षरही नाही. “मी निर्दोष आहे, पैसे नवऱ्याने घेतले” वगैरे काहीही नको. हा कागद उद्या कुठे फिरेल सांगता येत नाही आणि मुलासाठी लिहिलेली ओळ तिच्याच विरोधात वापरली गेली तर? म्हणून पाठवायच्या आधी तिच्या क्रिमिनल केसच्या वकिलांना एकदा वाचायला द्या.

पत्र पाठवायचं कारागृह अधीक्षकांमार्फत, आणि जावक क्रमांक मागून घ्यायचा, तारखेसकट. दुसरी प्रत मुलाकतीला जाल तेव्हा किंवा वकिलांमार्फत बाहेर आणायची, रीतसर हं, लपवून नाही, आणि ती तुम्ही स्वतः समितीच्या ऑफिसात जाऊन द्यायची, झेरॉक्सवर आवकचा शिक्का घ्यायचा. शिक्क्याची ती झेरॉक्स जपून ठेवा, दागिन्यासारखी. दोन्ही वाटांनी पाठवायचं कारण एकच, एक अडकली तर दुसरी पोचते.

मेव्हण्यांचं पण असंच पत्र हवं. ते पुरुषांच्या जेलमध्ये वेगळे, त्यांना बहुतेक माहितीच नसेल इकडे काय चाललंय. वडिलांना सगळे विसरतात, आणि मग समितीला वाटतं बापाला पडलेलीच नाही.

वकिलाचा खर्च कुठून आणू असं तुम्ही पत्रात शेवटी लिहिलं होतं (ते मी वर घेतलं नाही). विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे बाई, मूल आणि कोठडीत असलेला कुणीही, यांना फुकट वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला न मागता. तुमची बहीण तर दोन नियमांत बसते आणि भाचा तिसऱ्यात. हा वकील फक्त जामिनासाठी असतो असा गैरसमज आहे, मुलाच्या चौकशीसाठीही मागता येतो, पण तसं स्पष्ट लिहून मागावं लागतं, “बाल कल्याण समितीपुढील प्रकरणासाठी” असं. जेलमध्ये लीगल एड क्लिनिक असतं, तिथे बहिणीने अर्ज टाकायचा, आणि तुम्ही बाहेरून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात, ते साधारण जिल्हा कोर्टाच्या आवारातच असतं. हेल्पलाईन १५१००. मुंबई-ठाण्याकडे असाल तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून कैद्यांमध्ये आणि त्यांच्या घरच्यांमध्ये काम करतोय, त्यांचे समाजसेवक जेलमध्ये येतात का ते विचारायला बहिणीला सांगा.

आता मिस्टरांचं वाक्य. ते घाबरले, मला राग नाही, पोलिसांच्या केसमध्ये ओढले जाऊ असं कुणालाही वाटतं. पण ते अहवालात गेलंय असंच धरून चला. उपाय सोपा आहे पण थोडा लाजिरवाणा आहे, दोघांनी मिळून समितीला पत्र द्यायचं की त्या दिवशी घाबरून आम्ही चुकीचं बोललो, मूल आमच्याकडे राहायला आमची दोघांची तयारी आहे. दोघांच्या सह्या. त्यांची सही नसेल तर तुमच्या एकटीच्या तयारीला फारसा अर्थ राहणार नाही, हे मी तुम्हाला गोड बोलून लपवणार नाही. ते मनापासून तयार नसतील तर आधी घरात बोला. मूल घरी आणून सहा महिन्यांनी परत बालगृहात सोडणं हे त्याला आत्ता तिथेच ठेवण्यापेक्षा वाईट आहे.

एका खोलीची लाज सोडा. खोली एकच आहे म्हणून मूल देता येणार नाही असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही, उलट संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय असावा हे कायद्याचं तत्त्व आहे. भेटीला येणाऱ्या मॅडमना वेगळंच बघायचं असतं, मूल झोपणार कुठे, शाळेतून आल्यावर घरी कोण असतं, तुमची स्वतःची मुलं काय म्हणतात, घरात दारू-मारहाण आहे का, शाळा तीच राहणार की बदलणार. याची उत्तरं आधीच ठरवा आणि खरी द्या. भिंतीला रंग वगैरे देत बसू नका.

आणि तो अहवाल. तो गोपनीय असतो, तुमच्या हातात पूर्ण कॉपी बहुतेक देणार नाहीत. पण बाल न्याय कायद्याच्या कलम ९९ मध्ये एक सोय आहे जी फार कमी लोक वापरतात, अहवालातला मुख्य मजकूर समिती पालकांना सांगू शकते आणि त्यावर पुरावा द्यायची संधी देऊ शकते. तर बहिणीच्या वकिलांना हे लेखी मागायला सांगा. ‘नातेवाईक इच्छुक नाहीत’ अशी ओळ त्यात असेल तर ती खोडून काढायची जागा हीच.

समिती काय काय ऑर्डर करू शकते, तर मूल कुटुंबाकडे परत, देखरेखीसह किंवा देखरेखीशिवाय. किंवा ‘योग्य व्यक्ती’ म्हणून तुमच्याकडे काही काळासाठी. किंवा बालगृह, किंवा फॉस्टर केअर, म्हणजे काही काळ दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला देणं. तुम्ही मागताना पहिले दोन्ही मागा, एक नाही तर दुसरं. आणि ऑर्डर विरोधात गेली तर तीस दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येतं (फॉस्टर केअरची ऑर्डर असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे), म्हणूनच ऑर्डरची कॉपी आणि ती कोणत्या तारखेला मिळाली हे महत्त्वाचं. समितीच्या कामकाजाबद्दलच तक्रार असेल, म्हणजे तारीखच देत नाहीत, अर्जच घेत नाहीत, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचं. पण लगेच नका जाऊ, आधी नीट बोलून बघा, बऱ्याच समित्यांवर कामाचा ढीग असतो आणि तुम्ही शांतपणे तिसऱ्यांदा गेलात की तुमची फाईल वर येते.

पैशांचं थोडं. भाचा तुमच्याकडे आला तर महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २२५० रुपये, आणि घरावर पोलिस किंवा कोर्ट केसचं संकट आलेल्या मुलांचाही त्यात विचार होतो. केंद्राच्या मिशन वात्सल्यची स्पॉन्सरशिप महिना ४००० ची आहे, तिला उत्पन्नाची अट आहे. तुमचं कशात बसतं ते जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारा. फॉर्म भरून देतो म्हणून पैसे मागणारा कुणी भेटला तर मागे फिरा. आणि समितीपुढे पहिलंच वाक्य योजनेबद्दल नको, प्लीज, ते फार वाईट दिसतं.

मेव्हण्यांच्या आईशी भांडू नका. खरंच सांगते, समितीपुढे दोन्हीकडचे नातेवाईक एकमेकांवर चिखल उडवायला लागले की मूल बालगृहातच राहतं, कारण ती एकच जागा मग ‘तटस्थ’ वाटते. त्यांच्याकडे जा, बसा, विचारा की तुम्हाला तो कायमचा हवाय की फक्त त्याला भेटता यावं असं वाटतंय. बऱ्याचदा दुसरंच निघतं. ठरलं तर ‘राहणार मावशीकडे, रविवारी आजीकडे’ असं दोघींनी सह्या करून द्या. नऊ वर्षांच्या मुलाला समिती स्वतः विचारणार की तुला कुठे राहायचंय, तर त्याला काहीही पढवू नका. पढवलेलं लगेच कळतं, आणि त्याच्यावर एका आजीला नाही म्हणायचं ओझं येतं ते वेगळंच.

भाचीबद्दल तुम्ही फार लिहिलं नाही कारण ती आईजवळ आहे, सुखरूप वाटते. पण मुलं आईसोबत जेलमध्ये सहा वर्षांची होईपर्यंतच राहू शकतात. सुप्रीम कोर्टाने आर. डी. उपाध्याय प्रकरणात २००६ साली हे घालून दिलंय, आणि पुढे मूल कुणाकडे द्यायचं हे आईच्या इच्छेप्रमाणे ठरवायचं, तसं कुणी नसेल तर संस्था, ती पण शक्यतो त्याच गावात. म्हणजे तुमच्याकडे दोन वर्षं आहेत. तोपर्यंत जामीन होईल अशी आशा आहेच (बाईला जामीन देताना कायद्यात वेगळी सवलत आहे, लहान मुलांचा मुद्दा वकिलांनी जामीन अर्जात घातलाय का बघा), पण नाही झाला तर सहाव्या वाढदिवसाला कुणीतरी पोरीला उचलून नेतंय असं होऊ नये. बहिणीने आत्ताच्याच पत्रात एक ओळ टाकावी, मुलगी सहा वर्षांची झाल्यावर तीही भावासोबत मावशीकडे राहावी. तुमची तयारी असेल तरच, बघा.

याच निकालात अजून एक गोष्ट आहे. जी मुलं जेलबाहेर सरकारी संस्थेत ठेवलीत त्यांना आठवड्यातून एकदा तरी आईला भेटू द्यायचं आणि ठरलेल्या दिवशी मुलांना जेलवर आणायची जबाबदारी समाजकल्याण खात्याची. निकाल आईजवळून बाहेर गेलेल्या मुलांच्या संदर्भात आहे, पण त्याचा आधार घेऊन भाच्यासाठीही मागा. प्रत्यक्षात दर आठवड्याला होईल असं मी म्हणत नाही, कधी गाडी नाही, कधी सोबतीला माणूस नाही. तरी लेखी मागा, ई-मुलाकत (व्हिडिओ कॉलवरची भेट) मागा, फोन मागा, आणि तुम्ही स्वतः बालगृहात नियमित भेटायला जा आणि रजिस्टरमध्ये सही करा. हे भावनेपोटी सांगत नाहीये. ज्या मुलांना फार काळ कुणीच भेटायला येत नाही त्यांची वेगळी नोंद होते आणि मग त्यांचा फॉस्टर केअरसाठी विचार सुरू होतो. तुमच्या सह्यांची ती ओळ भाच्याची ढाल आहे. आणि बालगृहातले त्याचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका, अशा मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे.

राहिलं ‘आई परगावी कामाला गेलीय’. मावशी, त्याला माहितीये. नऊ वर्षांचा आहे तो, पोलिस आले तेव्हा घरात कोण होतं? आणि बालगृहातली मुलं एकमेकांना पहिल्याच रात्री विचारतात तुझे आईबाप कुठे. तो तुमच्यासमोर परगावचं नाटक खेळतोय कारण तुम्ही खेळताय. उद्या समितीपुढे कुणीतरी त्याच्यासमोर ‘जेल’ शब्द बोलणार, आणि त्याला वाटणार मावशी खोटं बोलते, मग तुम्ही “आईला तू हवायस” म्हणालात ते पण खोटंच असेल.

पुढच्या भेटीला साधं सांगा, आईबाबांवर पोलिसांनी केस केलीय, खरं काय ते कोर्ट ठरवणार आहे, तोपर्यंत त्यांना तिथे राहावं लागतं, छोटी आईजवळ आहे, तुझं काही चुकलं नाही. चुकलं नाही हे दोनदा सांगा, कारण या वयाच्या मुलांना हमखास वाटतं की मी मस्ती केली म्हणून झालं. तो विचारणार, आई कधी येणार? तिथे “लवकरच” म्हणू नका. कोर्टाची पुढची तारीख सांगा, आणि त्या तारखेनंतर काय झालं ते परत येऊन सांगा, काहीच झालं नसेल तर तेही. बहिणीला सांगा छोटीकडून त्याच्यासाठी एक चित्र काढून घे, जेलच्या परवानगीने बाहेर येतं, आणि ते घेऊनच जा.